विसराळू लोकांची बाग: एकदा नीट लावा, मग झाडं आपापलं बघतात

भर मे महिन्यात एखाद्या महामार्गाच्या दुभाजकाकडे बघा. दोन्ही बाजूंना तापलेलं डांबर, गाड्यांचा धूर, मधे जेमतेम मातीचा पट्टा आणि त्यात कण्हेर अन् बोगनवेल गच्च फुललेली. टँकर येतो अधूनमधून, पण त्याचाही काही नेम नाही. त्याच दिवसांत घरच्या बाल्कनीत रोज पाणी पिणारा गुलाब, आणून तीन महिने होत नाहीत तोच, काटक्या होऊन उभा असतो. हा फरक निगेचा नाही. कुठलं झाड निवडलं आणि पहिल्या दिवशी ते कसं लावलं, यावरच पुढचं जवळजवळ सगळं ठरतं.

विसराळू माणसाची झाडं तहानेने मरतात, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात बरीचशी बुडून मरतात. दहा दिवस कुंडीकडे बघायचं नाही आणि अकराव्या दिवशी मनाला लागलं म्हणून बादलीभर पाणी ओतायचं, पानं मलूल दिसली की दुसऱ्या दिवशी पुन्हा. तोवर पाणी ओढणारी बारीक मुळं वाळून गेलेली असतात. ओतलेलं पाणी मातीत तसंच साचतं, मातीतली हवा निघून जाते आणि उरलेली मुळं कुजायला लागतात. कुजलेल्या मुळांचं झाडही तहानलेल्या झाडासारखंच मान टाकतं, म्हणून पुन्हा पाणी. विसरलेल्या कुंडीला एकदाच, खालच्या भोकातून पाणी येईपर्यंत द्या आणि मग माती दोन इंच खोल कोरडी लागेपर्यंत हात लावू नका. बोट घालून बघायचं, वरून रंग बघून नाही.

म्हणून निवडताना पहिला प्रश्न हा: या झाडाची स्वतःची पाण्याची टाकी कुठे आहे? कोरफडीची पानात, अडेनियमची फुगीर बुंध्यात, लिलीची कंदात. कण्हेर आणि बोगनवेलीकडे टाकी नाही, पण मुळं खोल जातात आणि कोरडेपणा सोसण्याची ताकद आहे. पुदिन्याकडे यातलं काहीच नाही. उन्हाळ्यातला एक दिवस चुकला की संपला.

ऊन दोनदा मोजा

बाल्कनीत थेट ऊन किती तास येतं ते घड्याळ लावून बघायचं, हे सगळेच सांगतात. पण महाराष्ट्रात ते वर्षातून दोनदा बघावं लागतं, एकदा डिसेंबरात आणि एकदा मेच्या शेवटी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन आतपर्यंत येतं. मे-जूनमध्ये मात्र तो जवळजवळ डोक्यावर असतो, मुंबईच्या अक्षांशावर तर काही आठवडे किंचित उत्तरेला सरकतो. तेव्हा दक्षिणेच्या बाल्कनीवर वरच्या मजल्याच्या छज्जाची सावली पडते आणि उत्तरेच्या बाल्कनीत सकाळ-संध्याकाळ थोडं ऊन डोकावतं. डिसेंबरात ऊन बघून दक्षिणेला बोगनवेल लावली आणि उन्हाळ्यात ती नुसती पानांवर गेली, याचं कारण बहुतेकदा हेच असतं. पश्चिमेची बाल्कनी सगळ्यात कठोर: दुपारी दोननंतरचं ऊन, शिवाय तापलेल्या भिंतीची झळ.

पाच-सहा तास थेट ऊन असेल तरच फुलांच्या मागे लागा. त्याखाली पानांची झाडं.

लावणीचा दिवस

सगळे कष्ट इथे एकदाच करायचे आहेत, तेव्हा घाई नको.

कुंडी लहान घेऊ नका. सहा-आठ इंची कुंडी दिसायला गोंडस असते, पण मे महिन्यात दिवसभरात कोरडी पडते. झुडपांना कमीत कमी १२ इंच, बोगनवेलीला १४. मात्र भिजलेली १२ इंची कुंडी १५ ते २० किलोंच्या घरात जाते, त्यामुळे ग्रिलवर टांगायचा विचार सोडा. प्लास्टिकच्या कुंड्यांच्या तळाला भोकांच्या नुसत्या खुणा असतात, आरपार भोक नसतं. हे न बघता माती भरली जाते आणि जुलैत कुंडीची विहीर होते. तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरने करंगळीएवढी चार-पाच भोकं पाडा, त्यावर नारळाची शेंडी किंवा जाळीचा तुकडा टाका.

माती. साधारण झाडांसाठी दोन भाग लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट आणि एक भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा. चुरा शेंगदाण्यापासून हरभऱ्यापर्यंतच्या आकाराचा हवा, भुकटी नको. बांधकामावरची दगडाची बारीक पूडही नको, ती सिमेंटसारखी बसते. त्यात मूठभर निंबोळी पेंड. १२ इंची कुंडीला असं दीड-दोन घमेली मिश्रण लागतं. कोरफड, अडेनियम यांच्यासाठी वाळू किंवा चुऱ्याचं प्रमाण दुप्पट करा.

कोकोपीटबद्दल, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाबद्दल, एक वेगळं मत. नर्सरीवाले निम्मं कोकोपीट घालायला सांगतात. कुंडी हलकी होते, रोज पाणी देणाऱ्याला ते ठीकही आहे. पण कोकोपीट एकदा खडखडीत वाळलं की पाणी चटकन धरत नाही. कुंडीच्या कडेने पाणी सरकन खाली जातं, ट्रे भरतो, तुम्हाला वाटतं झाड भिजलं, आणि आत मुळाशी सगळं कोरडं. विसराळू माणसाने कोकोपीट एक पंचमांशाच्या वर घेऊ नये. नुसती काळी मातीही कुंडीत नको. ओली असताना चिखल, वाळली की वीट, आणि कडेला बोटभर भेग.

आता नर्सरीच्या पिशवीकडे. झाड बहुतेकदा चिकट लाल मातीच्या घट्ट गोळ्यात असतं. तो गोळा जसाच्या तसा तुमच्या मोकळ्या मातीत बसवला तर पाणी सोपी वाट धरून भोवतालच्या मातीतून निघून जातं, गोळा आतून कोरडाच राहतो, आणि मुळंही त्या गोळ्याबाहेर यायला तयार नसतात. सहा महिन्यांनी मेलेलं झाड उपटून बघा, गोळा चेंडूसारखा अख्खा हातात येतो. म्हणून लावण्याआधी पिशवी काढून गोळा बादलीभर पाण्यात ठेवा. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं. मग बाहेरची तिसरा हिस्सा माती बोटांनी हलकेच पाडा, तळाशी गोल फिरलेली मुळं सोडवा, आणि खोड पूर्वी जेवढं मातीत होतं तेवढंच ठेवून लावा. बोगनवेलीला मात्र हा नियम लावू नका. तिची मुळं नाजूक असतात, गोळा फुटला की ती महिनाभर रुसते. तिचा गोळा भिजवायचा आणि अलगद तसाच ठेवायचा, फक्त बाजूने चार उभ्या चिरा द्यायच्या.

कुंडीचा वरचा दोन इंच भाग रिकामा सोडून तिथे पालापाचोळा, नारळाच्या शेंड्या किंवा उसाचं पाचट पसरा. खोडाला चिकटू देऊ नका. पाणी देण्यातला एक दिवसाचा खंड यामुळे दोन-तीन दिवसांवर जातो.

जमिनीत लावणार असाल तर मे महिन्यात दीड फूट लांब, रुंद, खोल खड्डा खणून पंधरा दिवस उन्हात तापू द्या. मृग लागला, दोन चांगले पाऊस झाले की निघालेली माती, दोन घमेली शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड मिसळून भरा आणि लावा. पावसाळाभर मूळ खाली जातं. पहिला उन्हाळा मात्र सांभाळावाच लागतो: आठवड्याला एकदा दहा-पंधरा लिटर. रोज तांब्याभर घातलंत तर मुळं वरवरच राहतील आणि झाड कायमचं तुमच्यावर अवलंबून राहील. दुसऱ्या उन्हाळ्यापासून खाली सांगितलेली बरीचशी झाडं तुम्हाला विचारतही नाहीत.

अंगणात आणि कुंपणाला

अडुळसा ही सगळ्यात कमी कौतुक झालेली वनस्पती. जूनमध्ये पेराएवढ्या जाडीच्या, फूटभर लांबीच्या फांद्या दीड-दोन फुटांवर खोचायच्या, दोन वर्षांत कुंपण तयार. पानं कडू, त्यामुळे शेळ्या-गुरं तोंड लावत नाहीत. मोकाट जनावरं फिरणाऱ्या गावात याची किंमत कळते. तीच गोष्ट काटेरी कोरांटीची. दख्खनच्या माळावरची आहे, मुरमाड जमिनीत तग धरते आणि पावसाळा सरला की पिवळी फुलं धरते.

कण्हेर फांदीने येते, ऊन पिते, पाण्याचं नाव काढत नाही. पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे: पान, फूल, चीक, वाळलेली काटकीसुद्धा. छाटताना हातमोजे घाला, पाचोळा जाळू नका. रांगतं मूल किंवा सगळं तोंडात घालणारं कुत्र्याचं पिल्लू घरात असेल तर ती लावूच नका. पिवळ्या बिट्टीलाही हेच लागू, तिच्या बिया तर फारच घातक.

पारिजातक आणि तगर जमिनीत एकदा धरले की वर्षानुवर्षं राहतात. तगर अर्धसावलीतही फुलते. पारिजातकाची पानं कधी अळ्या चाळणी करतात, कधी तो हिवाळ्या-उन्हाळ्यात उघडाबोडका होतो. काही करायची गरज नाही, पावसात पुन्हा पालवतो.

जुन्या घरांच्या मागच्या अंगणात एक पद्धत होती, ती आजही कुणी सुधारू शकलेलं नाही. मोरीचं पाणी जिथे बाहेर पडतं तिथे कर्दळ, अळू आणि एखादी केळ. घरात माणसं आंघोळ करतात तोवर या झाडांना पाणी मिळणारच, वेगळी आठवण कुणी ठेवायची नाही. आंघोळीचं, भाज्या-तांदूळ धुतल्याचं पाणी चालतं. वॉशिंग मशीनचं पहिलं फेसाळ पाणी मात्र दुसरीकडे काढा, त्यातल्या क्षारांनी माती बिघडते. कर्दळीची फुलून गेलेली दांडी बुडापासून कापली की बाजूने नवी येते. एवढंच काम.

उन्हाची बाल्कनी

बोगनवेल इथली राणी, आणि दुर्लक्ष तिला खरोखरच मानवतं. भरपूर पाणी आणि युरिया दिला की ती हिरवीगार होते, फुलत नाही. फुलवायची असेल तर ऑक्टोबरनंतर पानं जराशी मान टाकेपर्यंत पाणी तोडायचं, मग एकदा भरपूर द्यायचं, पुन्हा तोडायचं. ज्याला आपण फूल म्हणतो ती रंगीत पानं असतात. खरं फूल आतली ती बारीक पांढरी नळी. बहर ओसरला की लांब फांद्या तिसऱ्या हिश्श्याने कापा. काटे डोळ्यांच्या उंचीवर येणार नाहीत एवढं बघा.

सदाफुली भिंतीच्या फटीत उगवते, तिला कुंडी मिळाली म्हणजे चैनच. मूळची मादागास्करची, आता इथलीच झाली. तिचा शत्रू दुष्काळ नाही, जुलै आहे. संततधारेत बुंधा काळा पडून झाड एका रात्रीत बसतं. कुंडी छज्जाखाली सरकवा. दोन-तीन वर्षांत ती लाकडी, उघडी होते, पण तोवर शेजारच्या चार कुंड्यांत तिची पोरं उगवलेली असतात. अबोलीचंही तसंच. तिच्या वाळलेल्या बोंडांवर पाणी पडलं की ती तडकतात आणि बी लांब उडतं. तिला सकाळचं ऊन आणि दुपारची सावली द्या.

अडेनियमला ऊन जितकं द्याल तितकं थोडं, पण पावसाखाली उघड्यावर ठेवू नका. मुंबई-कोकणात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. वाळवंटी झाडाचा बुंधा एवढ्यात मऊ पडणारच. बुंधा दाबून बघायची सवय ठेवा: कडक म्हणजे ठीक, सुरकुतलेला म्हणजे तहान, मऊ आणि ओला म्हणजे कूज. कूज लागली तर झाड उपसा, मऊ भाग पांढरा गर दिसेपर्यंत कापा, सावलीत आठ-दहा दिवस सुकवा आणि कोरड्या मिश्रणात पुन्हा लावा. हिवाळ्यात पानं गाळली तर घाबरून पाणी वाढवू नका, तेव्हा ते झोपलेलं असतं.

स्वयंपाकघरासाठी तीन नावं पुरेत. गवती चहा, १२ इंची कुंडीत एक ठोंब. दर जूनला चार-सहा इंचांवर कापायचा, दर दोन-तीन वर्षांनी उपसून चार तुकडे करायचे. नाहीतर मुळं कुंडी इतकी भरून टाकतात की पाणी वरच्या वर तरंगतं. कढीपत्ता पहिलं वर्षभर जागचा हलत नाही, बरेच जण तिथेच कंटाळतात. दीड फूट झाला की शेंडा खुडा, फुलं-फळं येताच काढा, त्याशिवाय तो फुटत नाही. पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखा ठिपका दिसला तर ती फुलपाखराची अळी आहे, मोठ्या झाडाला दोन-चार अळ्यांनी काही होत नाही. आणि पानओवा: फांदी मोडून खोचली की लागतो, भजी होतात, आणि मारायचाच असेल तर रोज पाणी घालावं लागतं.

सावलीत आणि घरात

स्नेक प्लांट आणि झीझी प्लांट. एवढ्यावर थांबलात तरी चालेल. दोघांनाही घरात पंधरा ते वीस दिवसांनी एकदा पाणी, पावसाळ्यात त्याहूनही कमी. झीझीच्या मुळाशी बटाट्यासारखे कंद असतात, त्यामुळे महिनाभर विसरलात तरी तो बेफिकीर असतो. स्नेक प्लांटची पिवळ्या काठाची जात वाढवायची असेल तर पान कापून लावू नका. त्यातून येणारं रोप साधं हिरवंच निघतं. बुडाशी फुटलेलं पिल्लू मुळासकट वेगळं करा. मनी प्लांटही चिवट आहे, पण बाटलीतलं पाणी आठवड्याला बदलायचं कबूल असेल तरच पाण्यात ठेवा, नाहीतर डास पाळल्यासारखं होईल. या कारणासाठी पावसाळ्यात कुंड्यांखालचे सगळे ट्रे काढून टाकावेत. डेंग्यूचा डास असल्याच साचलेल्या पाण्यात वाढतो आणि त्याला आठ-दहा दिवस पुरतात.

ज्यांच्यापासून लांब राहावं

गुलाब, हे उघड आहे. जास्वंदीबद्दल मात्र फसगत होते, कारण ती सोपी म्हणून विकली जाते. अंगणातली देशी, पाच पाकळ्यांची लाल जास्वंद खरंच सोपी आहे. कुंडीतली मोठ्या फुलांची संकरित जास्वंद म्हणजे पिठ्या ढेकणाला आमंत्रण. शेंड्याला कापसासारखं पांढरं काही दिसलं आणि मुंग्यांची रांग लागली की आठवड्यात सगळं झाड चिकट होतं, आणि तो आठवडा नेमका तुम्ही विसरलेला असता. ठेवायचीच असेल तर लागलेला शेंडा कापून पिशवीत बांधून टाका आणि एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन मिली द्रव साबण घालून संध्याकाळी फवारा. आठ दिवसांनी पुन्हा. तुळस घरात हवीच असते, पण ती चिवट नाही. मंजिऱ्या खुडल्या नाहीत तर बी धरून दमते. खाली पडलेल्या बियांची रोपं दरवर्षी वाढवत राहणं, हाच तिच्याबाबतीतला व्यवहार्य मार्ग.

गावाला जाताना

मे महिन्यात पंधरा दिवस घर बंद. उलटी बाटली खोचण्याची युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे आणि ती बहुतेकदा फसते. मोकळ्या मातीत लिटरभर पाणी काही तासांत उतरतं. त्यापेक्षा वात बरी. नायलॉन किंवा पॉलिस्टरची, पाणी ओढणारी विणलेली जाड दोरी घ्या. सुती दोरीही ओढते, पण लवकर कुजते. दोन फुटांचा तुकडा आधी पूर्ण भिजवा, एक टोक बादलीच्या तळाशी वजन बांधून सोडा, दुसरं कुंडीत चार इंच खोल पुरा. बादली अशा उंचीवर ठेवा की तिचा तळ कुंडीतल्या मातीच्या पातळीत येईल. फार उंच ठेवली तर पाणी धो-धो उतरतं, खाली ठेवली तर पाणी खालावल्यावर वात ओढेनाशी होते. वर झाकण, डासांसाठी. निघण्याच्या आठ दिवस आधी चाचणी घ्या आणि रोज बादली किती उतरते त्यावर खूण करा. सगळ्या कुंड्या भिंतीला चिकटवून सावलीत गोळा केल्या की पाणी बरंच कमी लागतं. कोरफड, अडेनियम, स्नेक प्लांट यांना वात लावायची नाही, तसंच सोडून जायचं.

ड्रममध्ये किंवा अंगणात मोठं झाड असेल तर बिनझिलईचं चार-पाच लिटरचं मडकं गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावं. ते झिरपत राहतं.

वर्षाची कामं

दोन सुट्ट्या पुरतात. पहिली जूनच्या सुरुवातीला: छाटणी, कुंडीतली वरची दोन इंच माती उकरून तीन-चार मुठी कंपोस्ट आणि मूठभर निंबोळी पेंड, भोकं मोकळी आहेत का हे काडी घालून बघणं, ट्रे उचलणं. दुसरी दसऱ्याच्या आसपास: पुन्हा कंपोस्ट, पुन्हा पालापाचोळा. बोअरचं किंवा टँकरचं पाणी वापरत असाल तर मातीवर आणि कुंडीच्या काठाला पांढरी पापडी धरते. ती खरवडून काढा आणि कुंडी पावसात दोन-तीन दिवस उघड्यावर राहू द्या, क्षार धुऊन जातात.

आणि जी झाडं मेल्याचं सोंग घेतात

कंदांची झाडं विसराळू माणसासाठीच जन्माला आली आहेत. रेन लिलीचे दहा-बारा कांदे दहा इंची कुंडीत दोन इंच खोल लावा आणि सोडून द्या. कोरडा काळ गेला, पाऊस पडला की काही दिवसांत गुलाबी किंवा पांढरी फुलं एकदम उभी राहतात. गुलबक्षी हिवाळ्यात नाहीशी होते आणि जमिनीतल्या गाठीतून पुन्हा येते. तिचं मिऱ्यासारखं बी मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका. मे फ्लॉवरला तर वर्षातून एकदाच लाल चेंडूसारखं फूल येतं. नंतर पानं येतात, दिवाळीनंतर पिवळी पडून गळतात आणि कुंडीत नुसती माती उरते. त्या दिवसांत पाणी पूर्ण बंद ठेवायचं, नाहीतर कांदा सडतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत कुणीतरी घर आवरायला काढतं, रिकामी कुंडी दिसते म्हणून माती ओतून देतं. आइस्क्रीमची लाकडी काडी घ्या, शिसपेन्सिलीने नाव लिहा आणि कुंडीत खोचा. पेनाची शाई एका पावसात जाते.